एकीकडे पंप, दुसरीकडे उतार: मत्स्यालय आणि रिफ्यूजियममधलं पाणी कसं फिरवायचं

मत्स्यालयाला रिफ्यूजियम, म्हणजे शेवाळ आणि बारीक जीव वाढवायची वेगळी टाकी, जोडायचं म्हटलं की बहुतेकांना पहिल्यांदा सुचतं ते असं: दोन टाक्या शेजारी ठेवू, एका पंपाने पाणी इकडून तिकडे नेऊ आणि तसाच दुसरा पंप लावून ते परत आणू. कागदावर हे बरोबर दिसतं, पण प्रत्यक्षात हीच रचना घरभर पाणी करते. एकाच खोक्यातून निघालेले दोन पंपसुद्धा नेमकं सारखं पाणी फेकत नाहीत. समजा, तासाला फक्त १० लिटरचा फरक आहे. पाच तासांत एका टाकीत ५० लिटर जास्त आणि दुसरीत ५० लिटर कमी. ४० लिटरचं रिफ्यूजियम तोवर केव्हाच ओसंडलेलं असतं. शिवाय एका पंपात कचरा अडकला की फरक तासाला शेकडो लिटरवर जातो.

म्हणून नियम एकच. पाणी वर चढवण्याचं काम पंपाचं, खाली येण्याचं काम उताराचं. पंपाने जेवढं वर फेकलं तेवढंच काठावरून सांडून खाली येतं. पंप मंदावला की सांडणंही आपोआप मंदावतं. जुळवाजुळव करावी लागत नाही. पुढचं सगळं याच नियमाला धरून आहे.

रिफ्यूजियम म्हणजे मुख्य टाकीशी पाण्याने जोडलेली, पण माशांपासून सुरक्षित अशी वेगळी जागा. खाऱ्या पाण्याच्या टाकीत तिथे कीटोमॉर्फासारखं मोठं शेवाळ वाढवतात. ते वाढताना नायट्रेट आणि फॉस्फेट शोषून घेतं आणि शेवाळ कापून बाहेर काढलं की ते दोन्ही टाकीतून कायमचे जातात. त्याच गुंत्यात कोपेपॉड, अँफिपॉड असे बारीक जीव निर्धास्त वाढतात आणि त्यांतले काही पाण्याबरोबर मुख्य टाकीत जाऊन माशांच्या तोंडी लागतात. गोड्या पाण्यात शेवाळाऐवजी हॉर्नवर्टसारख्या झपाट्याने वाढणाऱ्या वनस्पती ठेवतात. पाण्याची जोडणी दोन्हीकडे सारखीच.

रिफ्यूजियम कुठे ठेवायचं

सर्वांत सोयीची जागा म्हणजे सम्प, टाकीखालच्या कपाटात ठेवलेली दुसरी टाकी. मुख्य टाकीच्या काठाशी ओव्हरफ्लो, म्हणजे जादा पाणी सांडायची वाट, तिथून पाइपाने पाणी सम्पमध्ये, आणि सम्पमधला पंप ते परत वर चढवतो. याच सम्पचा एक कप्पा रिफ्यूजियमचा.

इथे कप्प्यांचा क्रम महत्त्वाचा. ओव्हरफ्लोचं पाणी आधी रिफ्यूजियममध्ये, मग स्किमरकडे (फेसाबरोबर पाण्यातली घाण काढणारं उपकरण), मग पंपाकडे, अशी एकामागोमाग रांग लावली तर वरून येणारं सगळंच पाणी रिफ्यूजियममधून धावतं आणि त्यावर आपला काहीच ताबा राहत नाही. विष्ठा आणि उरलेलं अन्नही तिथेच बसतं. त्यापेक्षा सम्पच्या एका टोकाला ओव्हरफ्लो आणि स्किमर, दुसऱ्या टोकाला रिफ्यूजियम आणि मधोमध पंपाचा कप्पा ही मांडणी चांगली. दोन्हीकडचं पाणी कप्पे वेगळे करणाऱ्या काचेच्या पडद्यांवरून मधल्या कप्प्यात सांडतं. रिफ्यूजियमला पाणी पंपाच्या वर जाणाऱ्या पाइपाला टी (तीन तोंडांचा जोड) बसवून द्यायचं आणि त्या फाट्यावर एक व्हॉल्व्ह ठेवायचा. मग प्रवाह हवा तितका करता येतो. ओव्हरफ्लोच्या पाइपातून फाटा काढला तर अन्नकणांनी भरलेलं पाणी मिळतं हे खरं, पण त्या पाइपात हवा आणि पाणी मिसळून वाहत असल्यामुळे फाट्याचा प्रवाह कधी स्थिर राहत नाही, आणि कचऱ्याने व्हॉल्व्ह तुंबतो तो वेगळाच.

दुसरी जागा मुख्य टाकीच्या वर. छोटा पंप पाणी वर चढवतो आणि रिफ्यूजियमच्या भोकातून ते उताराने खाली येतं. इथे मोठा फायदा असा की वर वाढलेले बारीक जीव पंपाच्या पात्यांतून न जाता थेट माशांपर्यंत पोहोचतात. तोटा असा की गळती झाली तर ती डोक्यावरून.

टाकीच्या मागच्या काचेला अडकवायचं तयार रिफ्यूजियम ही याच रचनेची छोटी आवृत्ती. दोन्ही टाक्या अगदी एका पातळीवर ठेवून उलट्या यू आकाराच्या नळीने जोडण्याच्या भानगडीत मात्र पडू नये. त्या नळीच्या माथ्यावर बुडबुडे साठतात, एक दिवस सायफन, म्हणजे भरलेल्या नळीतून पाणी आपोआप ओढलं जाणं, तुटतो आणि पंप मात्र चालूच राहतो. शेजारीच ठेवायचं असेल तर रिफ्यूजियम निदान १० ते १५ सेंटिमीटर उंच ठेवा आणि पाणी भोकातूनच परत आणा.

किती पाणी फिरवायचं

पुढचे सगळे आकडे एकाच उदाहरणातले आहेत. मुख्य टाकी १०० सेंटिमीटर लांब, ४५ रुंद, त्यात साधारण २०० लिटर पाणी. सम्प ८० × ३५ सेंटिमीटर. त्यातला रिफ्यूजियमचा कप्पा ४५ × ३५, पाण्याची खोली २५, म्हणजे जेमतेम ४० लिटर.

सम्पमधून मुख्य टाकीत तासाला टाकीच्या ३ ते ५ पट पाणी जावं. इथे ६०० ते १,००० लिटर. प्रवाळांना लागणारा जोरदार प्रवाह टाकीतल्याच वेगळ्या पंपांनी द्यायचा असतो, त्यासाठी सम्पच्या पंपाला राबवू नये. रिफ्यूजियममधून तासाला त्याच्या स्वतःच्या मापाच्या ५ ते १० पट पाणी पुरतं. आपण ३०० लिटर धरू.

तीनशे पुरतील का? तासाला ३०० लिटर म्हणजे ४० मिनिटांत २०० लिटर, मुख्य टाकीएवढं पाणी. पाणी सतत मिसळत असल्याने त्या ४० मिनिटांत टाकीतलं सगळं पाणी काही रिफ्यूजियम बघून येत नाही. साधारण ६३ टक्के येतं. दोन तासांत हे प्रमाण ९५ टक्क्यांवर जातं. शेवाळाची भूक दिवसांच्या हिशोबाने चालते, त्यामुळे प्रवाह याच्या दुप्पट केला तरी नायट्रेट दुप्पट वेगाने उतरत नाही.

मात्र रिफ्यूजियममधून किती पाणी जातं आणि रिफ्यूजियमच्या आत पाणी किती हलतं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांची गल्लत केल्यामुळेच ‘प्रवाह संथ हवा की जोरात’ हा वाद कधी संपत नाही. तासाला ३०० लिटर म्हणजे सेकंदाला ८३ मिलिलिटर. आपल्या कप्प्याचा आडवा छेद ३५ × २५ म्हणजे ८७५ चौरस सेंटिमीटर. भागाकार केला की वेग निघतो सेकंदाला एक मिलिमीटर. म्हणजे पाणी जवळपास उभंच. अशा पाण्यात शेवाळाच्या तंतूंना लगटून असलेला पातळ थर लवकर निःसत्त्व होतो, गुंत्याच्या तळाशी गाळ बसतो आणि उजेड न मिळालेला खालचा भाग कुजायला लागतो. कुजणारं शेवाळ शोषलेलं सगळं परत पाण्यात सोडतं.

यावर उपाय म्हणजे आत येणारं पाणी तळाजवळून, भोकं पाडलेल्या आडव्या नळीतून सोडणं, म्हणजे शेवाळाचा गोळा सावकाश उलटापालटा होत राहतो. तेवढ्याने हलत नसेल तर तासाला ५०० लिटरच्या आसपासचा एक छोटा पंप कप्प्यातच ठेवा. त्याच्या तोंडाला जाळी हवीच, नाहीतर तंतू पात्यांभोवती गुंडाळले जातात. पाणी आत येण्याची आणि बाहेर पडण्याची जागा समोरासमोरच्या टोकांना, एक तळाशी आणि एक वर, अशी असावी. दोन्ही एकाच बाजूला ठेवली तर पाणी आल्या पावली परत जातं आणि उरलेला कप्पा तसाच पडून राहतो.

पंप घेताना खोक्यावरच्या आकड्यावर भुलू नका. तो आकडा पाणी अजिबात न चढवता मिळणारा असतो. खोक्यावर कमाल उंचीही दिलेली असते. त्या उंचीला प्रवाह शून्य. आपल्याला मुख्य टाकीसाठी १,००० आणि रिफ्यूजियमसाठी ३०० असे १,३०० लिटर हवेत आणि पाणी सव्वा मीटर चढवायचं आहे. २,५०० लिटरचा, अडीच मीटर कमाल उंचीचा पंप घेतला तर एल्बो आणि पाइपाचं घर्षण धरून हाती साधारण तेवढंच लागतं. प्रत्यक्ष प्रवाह मोजायला बादली आणि घड्याळ बस्स: ३०० लिटरच्या फाट्याखाली ५ लिटरची बादली बरोबर एका मिनिटात भरली पाहिजे.

प्रवाह कमी करायचा तर व्हॉल्व्ह पंपाच्या पुढे, बाहेर पडणाऱ्या बाजूला लावायचा. ओढणाऱ्या बाजूला आवळला तर पंप उपाशी पडतो, आवाज करतो, तापतो. बारीक फेरफारासाठी बॉल व्हॉल्व्हपेक्षा गेट व्हॉल्व्ह बरा.

वीज गेली की काय होतं

पंप थांबला की वर जाणाऱ्या पाइपातलं पाणी उलटं फिरतं आणि तोच पाइप सायफन होतो. टाकीत त्याचं तोंड जितकं खोल, तितकं पाणी सम्पमध्ये येणार. आपल्या टाकीचा पृष्ठभाग ४,५०० चौरस सेंटिमीटर आहे. तोंड ३ सेंटिमीटर खोल असेल तर साडेतेरा लिटर खाली येतील. १० सेंटिमीटर खोल असेल तर ४५ लिटर, आणि एवढं सामावणारा सम्प सहसा कोणाकडे नसतो.

साडेतेरा लिटर आणि पाइपातलं एखादं लिटर मिळून साडेचौदा धरू. सम्पचा पृष्ठभाग २,८०० चौरस सेंटिमीटर, म्हणजे पातळी ५ सेंटिमीटरच्या वर चढणार. म्हणून पडद्यांच्या वर निदान ८ सेंटिमीटर काच मोकळी असावी.

तोंड खोलच ठेवायचं असेल तर त्या पाइपाला पाण्याच्या पृष्ठभागाच्या जेमतेम खाली ४ ते ५ मिलिमीटरचं भोक पाडतात. पातळी भोकाखाली गेली की हवा शिरते आणि सायफन तुटतो. युक्ती उत्तम, पण त्या भोकात शेवाळ वाढतं, गोगलगाय बसते. दर आठवड्याला ते टोचून मोकळं करायचं नसेल तर त्यावर भिस्त ठेवू नये. एकाच दिशेने पाणी सोडणाऱ्या नॉन-रिटर्न व्हॉल्व्हचंही तसंच. क्षारांचा थर बसला की त्याची झडप अर्धवट उघडी राहते. असेल तर असू द्या, पण सम्पचं माप तो नाहीच असं धरून काढा.

आता उलटा प्रसंग. वीज आहे, पंप चालू आहे, पण ओव्हरफ्लो तुंबला. पंप आपल्या कप्प्यातलं पाणी वर फेकत राहणार आणि ते मुख्य टाकीत साठणार. टाकीच्या काठापर्यंत ३ सेंटिमीटर मोकळी जागा असेल तर तिथे साडेतेरा लिटर मावतात. पंपाच्या कप्प्यात उपसण्याजोगं पाणी याहून कमी असलं की प्रश्न मिटला: पंप कोरडा पडेल, पण घर कोरडं राहील. कप्पा २० × ३५ सेंटिमीटरचा आणि पंपाच्या तोंडावर १५ सेंटिमीटर पाणी असेल तर उपसा साडेदहा लिटरचा. इथे मोठ्या कप्प्याचा मोह नको.

बाष्पीभवनाने होणारी घटही फक्त याच कप्प्यात दिसते. बाकीच्या पातळ्या पडद्यांनी बांधलेल्या असतात. कप्पा लहान असल्याने ती भराभर खाली जाते, म्हणून तिथे स्वयंचलित भरणी लावलेली बरी. खाऱ्या टाकीतही ही भरणी गोड्या पाण्याचीच, कारण वाफ होऊन पाणी जातं, मीठ मागे राहतं.

भोकं, बल्कहेड आणि पाइप

टाकीला भोक पाडण्याआधी काच टेम्पर्ड, म्हणजे तापवून कणखर केलेली, तर नाही ना, हे पाहा. टेम्पर्ड काचेला ड्रिल लागलं की तिचा क्षणात चुरा होतो, आणि कित्येक टाक्यांची तळाची काच टेम्पर्ड असते. परीक्षा सोपी आहे. काचेमागे एलसीडीचा पांढरा पडदा धरा आणि पोलराइज्ड गॉगलमधून बघा. डाग किंवा पट्टे दिसले तर ती काच सोडून द्या. भोक होलसॉने (ड्रिलला लावायची गोल करवत), पाण्याची धार धरून, न दाबता पाडायचं. बल्कहेड, म्हणजे भोकात बसवून पाइप जोडायचा नटाचा जोड, आधी विकत घ्या आणि त्याच्या मापाने होलसॉ निवडा, कारण एकाच इंचाच्या बल्कहेडला उत्पादकागणिक वेगळं भोक लागतं. भोकाची कड काचेच्या कडेपासून निदान भोकाच्या व्यासाइतकी आत असावी.

बल्कहेडचा रबरी वॉशर कॉलरच्या बाजूला, म्हणजे टाकीच्या आत. नट हाताने आवळून वर पाव फेरा द्यायचा. गळेल या भीतीने पान्याने करकचून आवळणं हेच काच तडकण्याचं नेहमीचं कारण. सिलिकॉन लागत नाही.

उतरत्या पाइपाचं माप ठरवताना कंजुषी नको. २५ मिलिमीटर आतल्या व्यासाच्या भोकावर मध्यापासून ५ सेंटिमीटर पाणी उभं असेल तर हिशोबाने तासाला १,००० लिटरच्या आसपास बाहेर पडतात. जाळी, एल्बो आणि पाइपात अडकणारी हवा धरली की त्याच्या निम्मेच समजा. म्हणजे रिफ्यूजियमच्या ३०० लिटरना २५ मिलिमीटर पुरे, पण मुख्य टाकीच्या १,००० ना ४० मिलिमीटर घ्या. शिवाय थोडं उंचावर दुसरं, आणीबाणीचं भोक हवं, ज्यातून एरवी थेंबही जात नाही. त्यावर कधीही व्हॉल्व्ह लावू नका. पहिल्या भोकावर गेट व्हॉल्व्ह लावून पाइप पूर्ण भरून वाहील असा करता येतो आणि गुळगुळ बंद होते. पण ती चैन आणीबाणीचं भोक असेल तरच.

वळणांना एका ९० अंशी एल्बोऐवजी दोन ४५ अंशी वापरले तर कचरा कमी अडतो. पंपाजवळ युनियन, म्हणजे हाताने खोलता येणारा जोड, हवा, नाहीतर पहिल्या सफाईलाच पाइप कापायची वेळ येते. पंपापासूनचा पहिला हातभर लवचीक नळीचा ठेवला की थरथर कपाटात उतरत नाही.

रिफ्यूजियमच्या बाहेरच्या वाटेवर स्पंज लावू नये. ज्या जीवांसाठी सगळा खटाटोप केला ते त्यातच अडकतात. ४ ते ५ मिलिमीटर फटींची कंगव्यासारखी पट्टी कप्प्याच्या पूर्ण रुंदीला बसवा. फटी जितक्या जास्त, तितकी एखाद्या तंतूने तुंबण्याची भीती कमी. तिथून पंपाकडे जाताना तीन पडद्या, मधे ३ सेंटिमीटर अंतर, पहिली आणि तिसरी तळाला टेकलेली, मधली खालून उघडी. या वळणात बारीक बुडबुडे वर येऊन फुटतात. मुख्य टाकीत तरीही धुकं दिसलं तर आधी पंपाच्या कप्प्यातली पातळी बघा. बहुतेक वेळा ती खाली गेल्याने पंप हवा ओढत असतो.

टाकीच्या वर ठेवलेल्या रिफ्यूजियमला एक खबरदारी जास्तीची. पाणी चढवणाऱ्या नळीचं तोंड त्यात बुडलेलं नसावं, पाण्याच्या वरच राहावं. बुडलं तर वीज जाताच सगळं रिफ्यूजियम त्याच नळीने खाली रिकामं होतं. गोळा फिरवायला तळाशी नळी हवीच असेल तर ती उघड्या नरसाळ्यातून भरा, म्हणजे सायफन होणारच नाही.

पहिली चाचणी

मीठ घालण्याआधी, साध्या पाण्यावर, पाइप सोल्यूशनने चिकटवून २४ तास झाल्यावर. पंप चालू करा, प्रवाह जुळवा, मग पंपाच्या कप्प्यावर चालू पातळीची खूण करा. आता प्लग काढा आणि पाणी पूर्ण थांबेपर्यंत उभे राहा. सम्प काठोकाठ आला तर पाणी कमी करून पुन्हा तेच. जिथे निर्धास्त वाटेल, तिथली चालू पातळी म्हणजे कमाल खूण. पुढे कितीही वाटलं तरी तिच्या वर भरायचं नाही. मग पंप चालू ठेवून ओव्हरफ्लो मुद्दाम हाताने बुजवा आणि टाकी ओसंडण्याआधी पंप कोरडा पडतो का ते बघा. तिसऱ्यांदा फक्त रिफ्यूजियममधून पाणी बाहेर पडायची वाट बुजवा आणि पाणी सम्पच्या बाहेर सांडत नाही ना ते बघा.

विजेच्या वायरी सॉकेटपर्यंत नेताना आधी सॉकेटच्या खाली झोल देऊन मग वर न्या, म्हणजे वायरीवरून ओघळलेलं पाणी झोलापाशी ठिबकतं. सगळी जोडणी ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीमागे (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) असावी.

चालू झाल्यावर

रिफ्यूजियमचा दिवा मुख्य टाकीच्या उलट्या वेळी, रात्री लावतात. अंधारात मुख्य टाकीतले जीव कार्बन डायऑक्साइड सोडतात आणि पीएच उतरतो. त्याच वेळी रिफ्यूजियममधलं शेवाळ तो वायू वापरत असेल तर घसरण कमी होते. अर्थात रात्रभर पाणी दोन्हीकडे फिरत असेल तरच.

काही आठवड्यांनी फाट्याचा प्रवाह मंदावतो. बहुतेक वेळा अर्धवट उघडलेल्या व्हॉल्व्हच्या तोंडाशी कचरा अडकलेला असतो. तो एकदा पूर्ण उघडून पुन्हा खुणेवर आणला की मोकळा होतो. त्याने फरक पडला नाही तर पंपाच्या पात्यांवर चुन्याचा थर असेल. पंप खोलून सायट्रिक आम्लाच्या पाण्यात किंवा व्हिनेगरमध्ये तासभर ठेवा आणि धुऊन बसवा. कंगव्याच्या फटीही त्याच दिवशी साफ करा.

शेवाळ वाढून कप्पा गच्च भरला की पाणी त्याला वळसा घालून जातं आणि पातळी चढते. एक तृतीयांश ते निम्मं काढून टाका, तेही पंप बंद करून, म्हणजे तुटलेले तुकडे मुख्य टाकीत पोहोचणार नाहीत. काढलेलं शेवाळ वाळवून कचऱ्यात टाका, नाल्यात किंवा समुद्रात नाही. १९८४ मध्ये मोनॅकोच्या सागरी संग्रहालयाखालच्या समुद्रात मत्स्यालयातल्या कॉलर्पा टॅक्सिफोलिया या शेवाळाचा एक लहानसा पुंजका सापडला होता, आणि पुढे तो भूमध्य समुद्रात हजारो हेक्टरांवर पसरला. कॉलर्पा रिफ्यूजियममध्ये ठेवण्याविरुद्ध आणखी एक कारण आहे. बीजपेशी सोडण्याच्या वेळी ते रातोरात पांढरं पडतं, पाणी दुधाळ होतं आणि शोषलेलं सगळं एकदम टाकीत येतं. तसं झालंच तर आधी रिफ्यूजियमच्या फाट्याचा व्हॉल्व्ह बंद करा.